खणातलं मुकं गाणं

लहानपणी रेडिओवर एक आवाज यायचा. जाडसर, गोड, जरासा खट्याळ. तो माणूस आठवडाभरातली गाणी खालून वर मोजत न्यायचा आणि पहिल्या नंबरापाशी आला की थांबायचा. "आणि आता..." एवढंच म्हणायचा, आणि गप्प. त्या गप्पपणात ठकी आणि तिचा दादा श्वास रोखून बसायची. दोघांची गाणी ठरलेली, पैज ठरलेली. एकदा ठकीचं गाणं पहिलं आलं, तेव्हा ती घरभर अशी नाचली की जणू तिनंच ते गायलं होतं.

"तुझं काय गं त्यात?" दादा म्हणाला. "तू साधं गुणगुणतेस तेसुद्धा बेसूर."

खरंच होतं ते. पण हातानं काडी न उचलता आपण जिंकलो, ही चव एकदा जिभेला लागली की सुटत नाही. ठकी मोठी झाली, मामाच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासू लागली, तरी सुटली नव्हती.

त्या दिवशी दुपारी बाहेर भुरभुर पाऊस होता. दार ढकलून एक तरुण आत आला आणि उभ्या उभ्या शर्टाच्या टोकानं चष्मा पुसू लागला.

"अहो, शर्टानं नका पुसू! काचेवर चरे पडतात."

तो दचकला. चष्म्याशिवायचे डोळे बारीक करून आवाजाच्या दिशेनं बघत राहिला. "कोण बोललं?"

"एवढंसुद्धा दिसत नाही? मग बसाच खुर्चीत."

तो बसला. समोरच्या फळ्यावरची मोठी अक्षरं त्यानं धडाधड वाचली, लहान अक्षरांपाशी अडखळला. ठकीनं भिंगं बदलली. हे स्पष्ट की ते? हे... नाही, ते. पुन्हा एकदा दाखवा ना. तिनं पुन्हा दाखवलं. तो भिंगातून फळ्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघतोय, हे तिच्या लक्षात आलं. तिनं भिंग जरा जोरातच बदललं.

"काम काय करता? डोळे फार शिणलेत."

"आकडे बघतो. दिवसभर."

गल्ल्यावरून मामानं मान वर केली. "आकडे म्हणजे? सट्टा-बिट्टा नव्हे ना?"

"नाही हो मामा. ऑफिसातले. सरळमार्गी आकडे."

परक्या माणसानं पहिल्याच भेटीत 'मामा' म्हटलेलं मामाला आवडलं. दुकानात त्याचं नाव 'आकडेवाले' पडलं, ते कायमचंच.

नवा चष्मा नेऊन चार दिवस झाले नाहीत तोच आकडेवाले परत हजर. काडीचा स्क्रू ढिला झाला होता. ठकीनं तो घट्ट करून दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा ढिला. मग नाकावरची गादी टोचू लागली. मग परत स्क्रू.

"अहो," मामा म्हणाला, "ढिला नक्की फ्रेमचाच आहे ना?"

आकडेवाले कानापर्यंत लाल झाले. ठकी खाली मान घालून स्क्रू पिळत राहिली. हसू पिळून आत ढकलावं तशी.

हळूहळू गप्पा वाढल्या आणि ठकीनं त्याला आपल्या आवडत्या गायिकेबद्दल सांगितलं. फार मोठी नव्हे ती. पण आवाज असा की ओल्या मातीत बोट रुतावं. तिच्या चाहत्यांचा एक गट होता, नाव 'थवा'. गावोगावची माणसं, बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही, आणि ठकी त्या सगळ्यांची ताई. लोकांच्या फोनवर कुठलं गाणं किती वेळा वाजलं, त्यावरून दर आठवड्याला यादी लागायची; नवं गाणं तिच्यात चौदाव्या नंबरावर होतं. पहिल्या दहात गेलं, तर गायिकेची कंपनी तिचा अख्खा अल्बम काढणार होती. नाही गेलं तर कंपनी 'बघू' म्हणाली होती. आणि 'बघू' म्हणजे काय, ते सगळ्यांनाच ठाऊक असतं.

"चौदावं काय, दहावं काय... गाणं तेच राहतं ना?" त्यानं विचारलं. "नंबर वर गेला की तुम्हाला काय मिळतं?"

ठकीनं फ्रेम बाजूला ठेवली. "असं बघा. आपल्याला कुणीतरी खूप आवडतं, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताच नाही. त्याच्या घराला आपल्यासाठी ना दार, ना खिडकी. मग निदान आकडा. चौदाचे तेरा झाले, तर त्या एका पायरीला माझाही खांदा लागलेला असतो. तिला मी दिसत नाही. पण त्या आकड्यात मी असते."

त्यानं बाजूला ठेवलेली फ्रेम उगाच सरळ केली. "आवडत्या माणसाला पत्ताच नसणं..." मग म्हणाला, "अवघड असतं खरं."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी... स्क्रू झाला का?"

त्याच दिवशी चष्मा पुसायचं फडकं काढायला तिनं गल्ल्याखालचा खण उघडला. आत पाच फोन ओळीनं झोपलेले. दादाचा जुना, मामाचा फुटक्या काचेचा, एक मैत्रिणीचा... खणातून गरम वाफ आली.

"हे काय? दुरुस्तीचंही दुकान काढलंत?"

"गाताहेत ते. तेच गाणं, सकाळपासून."

"ऐकू तर काहीच येत नाही."

"आवाज बंद आहे!" ठकी अभिमानानं म्हणाली. "कुणाची आई ओरडायची, कुणाचा साहेब. शेवटी मीच युक्ती काढली. सगळ्या थव्याला सांगितलं, आवाज बंद करून लावून ठेवा. कुणाला त्रास नाही, आणि गाणं आपलं वाजतंय."

आकडेवाल्यांचा चेहरा एकदम बदलला.

"चांगली... कल्पना आहे," ते म्हणाले, आणि मागवलेला चहा न पिताच गेले.

मग आलेच नाहीत. स्क्रू एवढे दिवस टिकला म्हणजे आता त्यांना यायचं नाही, असा हिशेब ठकीनं मनात मांडला; आणि तो मांडताना आपल्याला का टोचतंय, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

शुक्रवारी यादी आली. गाणं एक्केचाळिसाव्या नंबरावर होतं.

थव्यात नुसता कलकलाट. कुणीतरी शोधून काढलं, की आवाज बंद ठेवून लावलेलं गाणं मोजतच नाहीत. मग सगळ्यांची बोटं एकाच दिशेला वळली. ताई, तुम्हीच सांगितलंत! ठकीनं लिहिलं, 'चूक माझी आहे,' आणि फोन उलटा ठेवला. गायिकेसाठी चाळीस गावांतली माणसं महिनाभर राबली होती, आणि ठकीनंच ते सगळं पाण्यात घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. आकडेवाले. चष्मा नीट नाकावर, काहीही ढिलं नाही.

"मला सांगायचंय काहीतरी. गाण्यांची क्रमवारी लावतात ना, त्या ऑफिसात मी आहे. खोटे आकडे वेगळे काढायचं काम माझं. आवाज बंद असेल, तर ते नुसतं यंत्र वाजतंय, ऐकणारं कुणी नाही, असं आम्ही धरतो."

ठकी उभीच राहिली. "म्हणजे त्या दिवशी इथं उभं राहून तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आणि वर 'चांगली कल्पना' म्हणालात!"

"घाबरलो. सांगितलं असतं तर ऑफिसचा विश्वास मोडला असता, नाही सांगितलं तर तुमचा. मधली वाट शोधत बसलो... आणि शुक्रवार आला."

मामा उगाच खाकरला. "मी जरा चहा सांगून येतो," म्हणत छत्री न घेताच बाहेर पडला.

"माझे आकडे कापलेत तुम्ही."

"मी नाही. तुमचा खण बघितला, त्याच संध्याकाळी साहेबांना म्हटलं, या गाण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. का, म्हणाले. म्हटलं, ओळखीचं माणूस गुंतलंय. किती ओळखीचं, म्हणाले." तो थांबला. "म्हटलं... ते अजून ठरायचंय."

ठकीला हसू येत होतं, पण रागाला ते चालणार नव्हतं. "गाणं ऐकलंत तरी कधी?"

"नाही. आम्ही नुसतं मोजतो."

"बसा."

तिनं एक फोन काढला, आवाज मोठा केला. डबे आपटावेत तसा ताल सुरू झाला. त्याच्याखाली तो ओल्या मातीचा आवाज कुठंतरी पुरलेला. आकडेवाले मान खाली घालून ऐकत होते, स्तुतीला जागा शोधावी तसे. गाणं संपलं.

"कसं आहे?"

"चांगलं आहे."

"खरं सांगा."

"रागवाल."

"रागावलेलीच आहे. त्यात अजून किती भर पडणार?"

"मग... चौदावं म्हणजे जरा जास्तच वर होतं."

उत्तर ठकीच्या जिभेवर तयार होतं. अशा माणसांना गप्प करण्यात तिची हयात गेली होती. पण तिनं ओठ मिटले, काउंटरच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली, आणि हळूच म्हणाली,

"मलाही नाही आवडत हे गाणं."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून नाही. थव्यात बोलले नाही, स्वतःशीसुद्धा नाही. आवाज बंद ठेवायला लावला ना, तो इतरांसाठीच होता, पण मलाही बरं पडत होतं. नंबराकडे बघत राहिलं की गाणं ऐकावं लागत नाही."

"मग आता तिला सोडणार?"

"छे! एक गाणं बिघडलं म्हणून माणूस टाकतात का कुणी?"

त्यानं सुटकेचा श्वास सोडला, तो चांगला ऐकू आला. "म्हणजे माणसाची एखादी चूक झाली, तर..."

"एखादी."

"बरं." त्यानं चष्मा काढला, शर्टाकडे नेला, थांबला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग... तुमच्या यादीत माझा नंबर कितवा?"

बाहेर मामा दोन कप हातात धरून पावसात भिजत उभा होता. त्याला आत यायचं नव्हतं. ठकीनं त्याच्याकडे पाहिलं, मग याच्याकडे.

"नंबर लावायला दुसरं कुणीतरी लागतं ना," ती म्हणाली. "दुसरं कुणी नाहीच आहे. तुम्हीच आवडता मला."