रांगेत उभे राहू नका!

"तिथे चहाबरोबर केक देतात!" इल्यास म्हणाला. "आणि लाल्ला यामनाकडे? हातात खराटा देतात! आता बोला, कुठली शाळा निवडायची?"

"अरे, तू घोड्यावर बसायला चाललायस की जेवायला?" शामाने विचारलं.

"आधी जेवणार, मग बसणार. रिकाम्या पोटी पडलं तर जास्त लागतं म्हणे!"

शामाची धाकटी बहीण हिबा खिदळली. शामाला मात्र हसू आलं नाही. वसंताची सुट्टी लागून दोनच दिवस झाले होते आणि अझमूर गावातल्या सगळ्या मुलांना एकच वेड लागलं होतं. सुट्टीच्या शेवटी नदीकाठच्या मैदानावर विद्यार्थ्यांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा होत्या. पण एकट्यादुकट्याला कोण घेतं? नाव द्यायचं तर कुठल्यातरी घोडेस्वारी शाळेमार्फतच द्यावं लागे. गावात शाळा दोन. एक लाल्ला यामना या बाईंची, गावाबाहेर, धुळीत, जिथे पहिला आठवडा नुसती लीद काढायला लावत. दुसरी सी कमालची नवीकोरी 'सुलतान', पांढऱ्या कुंपणाची.

"बघून तर येऊ," शामाचे बा म्हणाले आणि त्यांनी गाडी सुलतानकडे वळवली. चुलतभाऊ इल्यास केकच्या आशेने आधीच पुढच्या सीटवर बसला होता.

सी कमालने हसतहसत दार उघडलं. "या, या! आमचे घोडे म्हणजे मेंढरं हो, मेंढरं! तान्ह्या पोराला बसवा!"

आणि खरंच! शामाला मर्जान नावाचा राखाडी घोडा मिळाला. सणाला रंगवतात तशी त्याच्या छातीला मेंदी लावली होती. एकामागे एक असे सगळे घोडे गोल गोल फिरले आणि मर्जान गरीब गाईसारखा चालत राहिला. शामाची भीती हळूहळू मावळली. बा कुंपणापलीकडून हात हलवत होते.

"आता भिंतीवर लावायला एक फोटो!" सी कमाल ओरडला. "सगळे शेजारी शेजारी या! खांद्याला खांदा!"

घोडे एका रांगेत उभे राहिले. बाकीच्यांचे लगाम नोकरांनी धरले होते, मर्जानचा मात्र शामाच्याच हातात होता. फोटोवाल्याने हात उंच केला आणि मुलांना हसवायला जोरात आरोळी ठोकली.

पुढचं शामाला नीट कळलंच नाही. मर्जानने अशी झेप घेतली की वारा तिच्या तोंडात शिरला! तिने लगाम ओढला, किंचाळली, पण काही उपयोग नाही! समोर कुंपण धावत येत होतं. आणि कुंपणाजवळ मर्जान गचकन थांबला. शामा थांबली नाही. ती त्याच्या कानांवरून उडाली आणि वाळूत आपटली.

"पोरीने टाच मारली," सी कमाल म्हणाला.

"मी नाही मारली! खरंच नाही, बा!"

"घाबरलं की माणूस काय करतो ते त्याचं त्यालाच कळत नाही," बा तिचे कपडे झटकत म्हणाले. "थोडी भित्रीच आहे आमची शामा."

"मी बसते मर्जानवर!" हिबा ओरडली. ती बसली, दोन फेऱ्या मारून आली आणि बा इतके खूश झाले की तिथल्या तिथे तिचं नाव घालून मोकळे झाले. स्पर्धेत हिबा उतरणार, तीही मर्जानवरच!

त्या दिवसापासून शामाची झोप उडाली. शेजारी कुणी खलबत्त्यात मसाला कुटला तरी तिला टापा ऐकू येत. रोज ती हिबाबरोबर सुलतानला जायची आणि कुंपणाला घट्ट धरून उभी राहायची. पण घोडे शांतच. आपणच वेड्या की काय, असं तिला वाटायला लागलं.

मग अनीस पडला. तिच्याच वर्गातला, वाढदिवसाला म्हणून भावंडांबरोबर सुलतानला गेलेला. हाताला प्लास्टर! शामा आणि इल्यास त्याला बघायला त्याच्या घरी गेले.

"टाच मारलीस ना?" इल्यासने विचारलं.

"तुझी टाच! माझे पाय रिकिबीपर्यंत पोचतसुद्धा नव्हते."

शामा पुढे सरकली. "अनीस, नक्की कधी पडलास? काय चाललं होतं?"

"काही नाही गं. वाढदिवसाचा फोटो काढत होते. आम्ही रांगेत उभे होतो आणि..."

शामाच्या हातातली मधाची पोळी खाली पडली.

"फोटो!" बाहेर आल्यावर ती कुजबुजली. "इल्यास, मीही फोटोच्या वेळीच पडले!"

"म्हणजे घोड्यांना फोटो आवडत नाहीत? आपल्या आत्याचंही तसंच आहे."

"चेष्टा नको! स्पर्धा रविवारी आहे. हिबा त्याच घोड्यावर बसणार आहे!"

इल्यासचं हसणं थांबलं.

शुक्रवारी दुपारी सगळं गाव नमाजाहून येऊन कुसकुसच्या परातीभोवती बसलेलं असतं. सुलतानचा राखणदार तर जेवून घोरत होता. दोघं मागच्या फाटकातून आत शिरले. शामाने मर्जानच्या छातीवर बोटं फिरवली. मेंदीखाली केस झिजून गेले होते, एक रुंद पट्टाच्या पट्टा. शेजारच्या घोड्यालाही तसाच. त्याच्या शेजारच्यालाही!

"जड पट्ट्याने घासलंय," ती म्हणाली. "आणि मेंदीने झाकलंय. पण इथे तर असला पट्टा कुणी बांधत नाही."

"रांग करून बघू या?" इल्यासने विचारलं.

नाही म्हणावं असं तिला फार वाटलं. पण तिने हिबाचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि मर्जानचा दोर धरला. तिन्ही घोडे त्यांनी मागच्या अंगणात शेजारी शेजारी आणले. आणि अगं बाई! खांद्याला खांदा लागताच तेच मेंढरासारखे घोडे बदलले! कान ताठ, माना वर, अंगभर थरथर. जणू कुणाच्या तरी हुकुमाची वाट बघतायत.

"शामा, बाजूला हो," इल्यास म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. त्याने कोपऱ्यातली काठी उंच धरली आणि आरोळी ठोकली.

तिन्ही घोडे एकदम सुटले! शामाला बाजूला व्हायला उशीर झाला. मर्जानचा खांदा लागून ती गवताच्या ढिगात फेकली गेली, आणि टापांची माती तिच्या तोंडावर उडाली. समोरच्या भिंतीशी तिघेही एकाच क्षणी थांबले. अगदी सरळ रांगेत!

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दर वर्षी जत्रेत हेच तर बघायचे ते! नक्षीदार खोगिरं आणि छातीवर जड पट्टे बांधलेल्या घोड्यांवरच्या स्वारांची रांग, मुखियाची आरोळी, भरधाव दौड, सगळ्या बंदुकांचा एकच बार आणि जागच्या जागी थांबणं.

"तबुरीदा!" इल्यास पुटपुटला. "शामा, हे तबुरीदाचे घोडे आहेत!"

"मग? असले तर काय झालं?"

सी कमाल दारात उभा होता. "म्हातारे झाले म्हणून पथकाने विकले, मी घेतले. थकलेले जीव आहेत बिचारे! आणि तुम्ही चोरासारखे आत? थांबा, तुझ्या बापालाच फोन लावतो!"

घरी शामाने सगळं सांगितलं, रडूनरडून सांगितलं. बांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "दुसऱ्याचे घोडे सोडतेस, आणि वर गोष्टी रचतेस? हिबाचा आनंद बघवत नाही का तुला?"

हे तिला पडण्यापेक्षा जास्त लागलं.

आता उरली एकच जागा. लाल्ला यामना खुरं साफ करत होत्या. शामा बोलत होती तोवर त्यांनी मान वर केली नाही. मग खुरपं खाली ठेवलं.

"माझे वडील पथकाचे मुखिया होते," त्या म्हणाल्या. "ते घोडे बिथरलेले नाहीत, पोरी. रांगेत उभं राहायचं आणि आरोळी झाली की सुटायचं, एवढंच त्यांना शिकवलंय. ते बिचारे ऐकतात."

"थांबवायचं कसं?"

"सुटल्यावर नाही थांबत. आधी रांग मोडायची. मधल्याचं तोंड फिरवलं की रांग संपली."

"कुणी फिरवायचं?"

"जो जवळ असेल त्याने. मी आधीच काही बोलले तर लोक म्हणतील, दुसऱ्या शाळेवर जळते. रविवारी मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असेन, माझ्या मुलांजवळ. धावत आले तरी वेळ लागेल."



रविवारी सगळं छान पार पडलं. फारच छान! घोडे एकेक करून आले, एकेक करून गेले. हिबाचा दुसरा नंबर आला आणि बांनी शिट्टीसुद्धा वाजवली. शामाला वाटलं, सुटलो!

तेवढ्यात कर्णा खरखरला. "सुलतान शाळेच्या सर्व विद्यार्थ्यांनी फोटोसाठी रांगेत यावं!"

"हिबा, मधे ये! मधे!" बाच ओरडत होते, हातात फोन धरून.

घोडे शेजारी शेजारी आले. त्यांच्यासमोर खुर्च्या होत्या, खुर्च्यांवर छोटी मुलं, आणि मागे जुन्या तटाची दगडी भिंत. मर्जानचे कान ताठ झाले.

शामाचे पाय जमिनीला चिकटले होते. पळून जावंसं वाटत होतं. तरी ती कुंपणाखालून वाकली आणि घोड्यांकडे चालू लागली. फोटोवाल्याने हात वर नेला...

"काका, थांबा! भिंगावर माशी बसलीय!" इल्यास मधे घुसला आणि त्याने आपली टोपी खुशाल कॅमेऱ्यावर घातली.

"अरे कार्ट्या!" फोटोवाला टोपीशी झटापट करू लागला.

शामाने मर्जानचा लगाम धरला. तो थरथरत होता, तीही थरथरत होती. त्याचा एक टोला बसला तर? तिने डोळे मिटून त्याचं तोंड ओढलं. एक पाऊल... आणखी एक... आणि मर्जान वळला!

"ताई, काय करतेस? माझा फोटो!"

"हिबा, उतर. ओरडू नकोस. नुसती उतर."

"काढा त्या पोरीला बाहेर!" सी कमाल धावत येत होता. पण त्याच्या आधी लाल्ला यामना पोचल्या, धापा टाकत. "सगळी मुलं खाली!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा होता की एकानेही का म्हणून विचारलं नाही.

"माझी शाळा बदनाम करता?" सी कमाल लाल झाला. "मेंढरं आहेत ही! मेंढरं!"

"मग लावा रांग, स्वारांशिवाय. आणि खुर्च्यांवरची मुलं उठवा."

"लावतो! मुलं उठवा हवं तर, खुर्च्या राहू द्यात. दाखवतोच सगळ्यांना!"

मुलं उठून लांब गेली, रिकामे घोडे रांगेत आले. लाल्ला यामनांनी हात उंच केला आणि वडिलांसारखी आरोळी दिली.

जमीन हादरली! रिकाम्या खोगिरांची ती रांग वाऱ्यासारखी गेली आणि खुर्च्यांवर आदळली. कडाकड लाकडं मोडली, बायका किंचाळल्या. भिंतीपाशी घोडे गचकन थांबले. पुढच्या खुर्च्यांचा नुसता भुगा झाला होता.

"बा," हिबाने विचारलं, "मी वर असते तर?"

बांनी तिला छातीशी ओढलं. ते तिला घेऊन तिथेच मातीत बसले.

सी कमालचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "मला वाटलं म्हातारे आहेत," तो पुनःपुन्हा म्हणत राहिला. स्पर्धेच्या पंचांनी तिथल्या तिथे त्याच्या शाळेला कुलूप लावायला सांगितलं. मग ते शामाकडे वळले. "मुली, आज तू किती घरांचे दिवे वाचवलेस, माहीत आहे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. इल्यासच्याही पाठीवर थाप पडली. फोटोवाल्याची! जरा जोरातच पडली.

बांनी शामाचे दोन्ही हात धरले. "मी तुला भित्री म्हटलं. खोटारडीसुद्धा म्हटलं."

"भित्री तर आहेच मी, बा. बघा ना, अजून हात कापतायत."

"भित्री आहे म्हणून तर हिने घोड्याचे कान बघितले," लाल्ला यामना म्हणाल्या. "आपण मोठी माणसं फोटोकडे बघत होतो. असली मुलगी माझ्या शाळेत आली तर मला हवीच आहे."

बांनी लगेच शामाचा हात लाल्ला यामनांच्या हातात दिला.

शामाने भिंतीकडे बघितलं. घोडे अजून तिथेच उभे होते, सरळ रांगेत, घामाने निथळत. सांगितलेलं काम चोख केलं होतं त्यांनी, आणि सगळे त्यांच्याकडे रागाने बघत होते. तिला अजून भीती वाटत होती. तरी ती मोडक्या खुर्च्या ओलांडत गेली आणि मर्जानच्या ओल्या मानेवर तिने हात ठेवला.

"शाबास," ती हळूच म्हणाली. "झालं काम. चल आता."

मर्जानने मान खाली केली आणि तो तिच्यामागून चालू लागला.