म्हापशाच्या वाटेवरचं पेट्रोल

आमची फियाट पेट्रोल प्यायला लागली तेव्हा मी आधी स्वतःलाच बोल लावला. गाडी चालवायला मी चाळिशीत शिकले, तेही आपलं आपणच, सुर्ल्याच्या खाणीजवळच्या माळावर. ह्यांची मुरगावला बदली झाली आणि गाडी, घर आणि नणंद अशी तिन्ही माझ्या हाती आली. क्लचवर पाय ठेवून चालवत असेन, म्हटलं. बाईच्या पायाला नावं ठेवायला गावात माणसं पुष्कळ होती, त्यांत मीही एक.

पण तारासाठी गाडी लागायचीच. माझ्या ह्या नणंदेची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा म्हापशाला नेऊन डायलिसिस करून आणायचं. मागच्या खेपेला अस्नोड्याच्या अलीकडे पेट्रोल संपलं, पोचेपर्यंत तिची खाट दुसऱ्याला दिलेली. मग छातीत पाणी झालं. आडवं होता येईना, उशीला टेकून बसूनच राहिली. पुन्हा खेप चुकली तर आमच्या हातात काही नाही, डॉक्टर म्हणाले.

डिचोलीत शांताराम मेस्त्रीचं गॅरेज. मूळ सावंतवाडीकडचा, बोलण्यात काटकसर. त्यानं चाकांना हात लावून पाहिलं. ब्रेक धरत असेल तर चाक तापतं, पण सगळी गार. टायरांत हवा बरोबर, चोक मोकळा. टाकीखाली कागद पसरला, थेंब नाही. शेवटी प्लग काढून माझ्यासमोर धरला. काजळीनं काळा असणार अशी माझी खात्री. तो निघाला भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा, हवा तसा.

"गाडी पेट्रोल वाया घालवणा नाय, वैनी," तो म्हणाला. "वझा ओढता ती."

ओझं कसलं? मागे बसणारी तारा तर सुक्या बांगड्याएवढी. हे गॅरेजच्या बाकावर बसलेली तीच म्हणाली, आणि हसली. शांताराम हसला नाही.

त्यानं टाकीची नळी सोडवली आणि ती मापाच्या बाटलीला जोडून बाटली आत आरशाला टांगली. आधी एकटाच साखळीच्या रस्त्यानं जाऊन आला. मग मला घेऊन. गाडी कोरी असल्यासारखी धावली, बाटलीतलं पेट्रोल जेमतेम उतरलं. डायलिसिसची वेळ होत आली होती, म्हणून बाटली पुन्हा भरून तारासह तसेच म्हापशाकडे निघालो.

खनिजाचे ट्रक हॉर्न मारत आम्हांला कडेला दाबत होते. काच लाल धुळीनं भरली. पेट्रोल झरझर उतरत होतं, कुणी आतून ओढून घ्यावं तसं.

शांतारामनं गाडी उलटी वळवली.

पेट्रोल थांबलं. इंजिन चालू, गाडी घराकडे धावतेय, आणि बाटलीतली रेघ हलेना.

त्यानं पुन्हा म्हापशाकडे तोंड केलं. रेघ उतरायला लागली.

"ताराबाय," तो पुढे बघूनच म्हणाला, "तुमका थंय जाऊक कोणाची आडकाठी आसा काय?"

ताराचा नवरा जिवंत असेतो त्यानं तिला एकदाही माहेरी धाडलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा नाही. तो गेल्यावरच ती आमच्याकडे आली.

"आता कोण अडवणार?" ती म्हणाली.

अस्नोड्याच्या अलीकडे, त्याच चढावर, गाडी थांबली. शांतारामनं बॉनेट उघडलंसुद्धा नाही. मागून म्हापशाची बस येत होती, तिला हात केला.

"जावा तुमी. गाडी मी बघतंय," म्हणाला. पण रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहिला. आमची बस हलेपर्यंत तो गाडीजवळ गेला नाही.

बस जवळजवळ रिकामी होती. तारा दोघांच्या सीटवर एकटी बसली, पिशवी शेजारी ठेवून. मी ड्रायव्हरमागच्या आडव्या सीटवर. इथून डिझेलचा काटा दिसत होता. वेळेत पोचू, मी मनात म्हटलं.

बस मंदावली. ड्रायव्हरनं गियर उतरवला, मग अजून एक.

त्यानं डिझेलच्या काट्यावर नखानं टकटक केलं.

"सकाळीच फुल केल्लें रे," तो कंडक्टरला म्हणाला.

मी मागे वळले. तारा बाहेर बघत होती. न बघताच तिनं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि खिडकीकडे सरकली.