बाबांची शीर, माझं मौन

तो पहिल्यांदा समोर आला तेव्हा मला बोलता येत नव्हतं. लाजेनं नव्हे हो... चातुर्मासात सकाळच्या पूजेपासून दुपारपर्यंत माझं मौन असतं.

नेपियर टाउन भागातल्या एका हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी बाबांचं बायपासचं ऑपरेशन होतं. तो सकाळीच आला — पावसानं कपाळाला चिकटलेले केस, हातात कागद.

"नमस्ते जी, मी डॉक्टर अंबरीश. पायातली शीर काढून हृदयाला जोडतात ना, तिचा उरलेला तुकडा आम्हाला संशोधनासाठी तपासायला हवाय. आणि... बाबा मनाच्या आजाराची काही गोळी घेतात का?"

"आमच्या घराण्यात कोणी पागल नाही!" बाबांच्या उशाशी बसलेली शरयूआत्या कडाडली.

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आई गेल्यापासून ते ती गोळी घेत होते. रोज, आत्याच्या धाकानं, चोरासारखे.

अंबरीशनं 'नाही' लिहायला पेन टेकवलं आणि माझ्या अंगाची लाही झाली.

"घेतात!" मौन मोडलं. "आणि पागल कोणी नाही, आत्या. माणसाला दुःख झालंय. बीपीची गोळी चारचौघांत गिळायची, अन् हिचीच तेवढी लाज?"

देवा! माझा आवाज इतका चढतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

"बरं झालं बोललीस, बेटा," बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले.

मी बाहेर आले. तो मागोमाग.

"आणि तुम्ही! असं सगळ्यांसमोर विचारतात का?"

"चुकलं माझं. पण... रागातही आवाज छान आहे तुमचा."

"विषय बदलू नका. त्या गोळीनं शिरेचं होतं काय?"

"तेच तर शोधून राहिलो. कोमट खारट पाण्यात टांगलेला तुकडा आकसतो, जिवंत असल्यासारखा. मनाच्या आजारावरची काही औषधं टाकली की सैल पडतो. शरीराच्या आत किती फरक पडतो, ते अजून नक्की नाही. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळायला हवं. आपल्या मनानं गोळी बंद मात्र करायची नाही."

"माणसाची शीर टांगता... नमस्कार तरी करता का तिला?"

"रोज."

तो हसला नाही. मलाच मग नजर खाली घ्यावी लागली.

ऑपरेशन नीट झालं. बाबांना घरी न्यायच्या दिवशी तो पायऱ्यांवर उभा होता.

"अवंतिकाजी, एक सांगायचंय... तसलीच गोळी मी पण घेतो. ठरलेलं लग्न मोडलं त्यापायी."

"मोडलं? काहून?"

"मुलीकडचे म्हणाले, ऐसे लड़के का क्या भरोसा."

"भरोसा! अनोळखी माणसाच्या शिरेला हात जोडणाऱ्याचा भरोसा नाही, तर मग कोणाचा?"

"माझ्यावर रागावलात?"

"तुमच्यावर कशाला रागावू? त्यांच्यावर!" मी डोळे पुसले. "रविवारी घरी या. आधी आत्याला गोळीचं सांगायचं, मग चहा घ्यायचा."

"अच्छा... आणि आत्या कडाडल्या तर?"

"कडाडू द्या. मी आहे ना."