अठ्ठाविसावा बाद

मीरियामा रापाना या बाईंचं पत्र मला मार्च २०१९मध्ये मिळालं, आणि नऊ महिने मी त्याला उत्तर दिलं नाही.

तो आळस नव्हता. पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षं काढली, मग इथे परदेशात मुलीकडे आलो. आलेल्या पत्राची पोच त्याच दिवशी द्यायची माझी सवय. या पत्रापुढे मात्र मी सहा वेळा बसलो आणि सहा कागद फाडले.

पाकिटावर माझं नाव नव्हतं. ‘स्कोअरच्या टेबलावर वही घेऊन बसणारे वृद्ध गृहस्थ’, आणि खाली आमच्या बेसबॉल क्लबचा पत्ता. बाई ओपोटिकी नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात राहत. त्यांनी लिहिलं होतं: माझा मुलगा हेमी तुमच्या संघात होता. पूर्ण हंगाम त्याने सरावाला चेंडू झेलले आणि सामन्यात बाकावर बसला. जानेवारीतल्या एका रविवारी शेवटच्या डावात त्याला राइट फील्डला, मैदानाच्या उजव्या टोकाला, उभं केलं. त्याने एक झेल घेतला. फोनवर तो झेल त्याने मला तीनदा सांगितला. फेब्रुवारीत त्याची गाडी दरीत गेली. पहिल्या हंगामात खेळलेल्या सगळ्यांची नावं क्लब भिंतीवर लावणार आहे. अधिकृत नोंदीत हेमी नाही. प्रशिक्षक अमेरिकेला परत गेले, ते उत्तर देत नाहीत. एखादा लेखी पुरावा मिळाला तर नाव घालू, असं क्लब म्हणतो. तुमच्या वहीत तो आहे का? तो डावखुरा होता, वडिलांसारखा. ग्लव्ह उजव्या हातात घालायचा.

वही मी लगेच काढली. नववा डाव, शेवटचा बाद. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: झेल, बदली.

पुण्यात मी क्लब क्रिकेटचा स्कोअर लिहीत असे. बदली खेळाडूने झेल घेतला तर आमच्याकडे त्याचं नाव लिहायची पद्धत नव्हती. बेसबॉलमध्ये प्रत्येकाचं नाव लागतं, हे मला शिकवलं होतं. पण हात जुना. तो माणूस कोण, हे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. आता कुणाच्या सांगण्यावरून नाव कसं घालायचं? आणि नाही घातलं, तर त्या आईला काय लिहायचं?

नोव्हेंबरात, इथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, नवा हंगाम सुरू झाला. मैदान बदललं होतं. पहिलं मैदान आमच्या न्यू लिन उपनगरापासून जवळ. आता ट्रेनने शहरात आणि तिथून बसने अल्बनीला जावं लागे. अधिकृत स्कोअर विभावरी लॅपटॉपवर घ्यायची. ती मूळची ठाण्याची, आयटीतली. मी शेजारी बसून कागदावर दुसरी नोंद ठेवायचो, पडताळणीसाठी. हे काम मला आवडे, कारण त्यात बोलावं लागत नाही.

पहिल्या रविवारी सामना संपल्यावर मी बेरीज केली. एका डावात तीन बाद, नऊ डावांत सत्तावीस. माझे अठ्ठावीस झाले.

विभावरीने वही ओढून घेतली. “नवव्या डावात चार आउट? काका, तिसऱ्यालाच मॅच संपली. चौथा काय पार्किंगमध्ये झाला?”

“राइट फील्डला उंच झेल गेला होता की.”

“तिकडे या इनिंगला एकही बॉल गेला नाही.” ती हसली. “डोन्ट वरी, स्वीट ॲज,” ती इथल्यांसारखं म्हणाली, म्हणजे सगळं ठीक. “माझ्याकडे बरोबर आहे.”

मी चौथी नोंद पाहिली. झेल, बदली. तो चेंडू मला स्वच्छ आठवत होता. निळ्या आकाशात बराच वेळ राहिला होता.

पुढच्या रविवारी पुन्हा अठ्ठावीस. त्याच्या पुढच्याही. नववा डाव, झेल, बदली. मी न्यू लिनला डोळे तपासून घेतले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम झाली आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मुलगी दीप्ती म्हणाली, “बाबा, उन्हात दोन-दोन तास टोपीशिवाय बसता. मग दिसणारच काहीतरी.” मी टोपी घालू लागलो. अठ्ठावीस.

मैदानाचा दोष म्हणावा, तर मैदान नवं होतं. जुना होता तो माझा हात.

डिसेंबरात क्लबचं पत्रक आलं: भिंतीवरची नावं नव्या वर्षात कोरायला जातील, दुरुस्त्या एकतीस तारखेपर्यंत कळवा.

एकोणतीस तारखेला रविवार होता. मी दीप्तीची पक्षी बघायची दुर्बीण बरोबर घेतली. जानेवारीची वहीही पिशवीत टाकली. का टाकली ते सांगता येणार नाही. दुपारी लख्ख ऊन होतं आणि वारा सुटला होता. टेबलावरचे कागद आम्ही पाण्याच्या बाटल्यांखाली दाबले होते.

नवव्या डावात दोन बाद झाल्यावर मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

राइट फील्डर गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता, च्युइंगम चघळत होता. त्याच्या मागे, कुंपणाला लागून, आणखी एक खेळाडू उभा होता.

तेच कपडे. तीच टोपी. पुढच्याचा शर्ट वाऱ्याने फडफडत होता. मागच्याचा हलत नव्हता.

तो फलंदाजाकडे बघत नव्हता. आमच्या टेबलाकडे बघत होता.

“तिसरा! संपली मॅच,” विभावरी म्हणाली. फलंदाजाची बॅट चेंडूला लागलीच नव्हती. खेळाडू आत येऊ लागले.

पण वरून एक चेंडू खाली येत होता.

मागच्या माणसाने हात वर केला. उजवा. चेंडू ग्लव्हमध्ये बसला. मग झेल साफ आहे हे पंचाला दाखवतात, तसा त्याने तो उंच धरला. माझ्याकडे तोंड करून.

मैदान रिकामं झालं. त्याचा हात खाली येईना.

“काका, काय बघताय? कुणी नाहीये तिकडे. माझी बस जाईल.”

मी पिशवीतून जानेवारीची वही काढली. स्कोअररला नियम एकच: पाहिलं ते लिहायचं. आता मी पाहिलं होतं. ‘बदली’वर रेघ मारली आणि वर लिहिलं, हेमी रापाना.

दुर्बीण पुन्हा लावली. कुंपणापाशी गवत होतं.

विभावरी वाकून वाचत होती. “हा तोच ना, बाकावर कोपऱ्यात बसायचा? वॉर्म-अपला सगळ्यांचे बॉल झेलायचा?”

“तोच. शेवटच्या डावात खेळला होता. नंतर अपघातात गेला.”

तिने लॅपटॉप मिटला. “त्या दिवशी माझा लॅपटॉप हँग झाला होता, काका. शेवटची इनिंग मी आधीच्या यादीवरून भरली. मला वाटलं, कोण बघतंय.” तिने माझं पेन घेतलं आणि नावापुढे सही केली. मग क्लबला त्या पानाचा फोटो पाठवला.

सोमवारी सकाळी मी उत्तर लिहिलं. चार ओळी झाल्या. तुमचा मुलगा खेळला. झेल स्वच्छ होता. नाव माझ्याकडून राहिलं होतं. क्षमा करा. वहीतलं पान कापून सोबत ठेवलं.

आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीबाहेर, म्हणजे छोट्या दुकानाबाहेर, टपालपेटी आहे. सणाच्या सुट्ट्यांमुळे रस्ता ओस पडला होता. मी पाकीट फटीतून आत सरकवलं आणि सोडलं.

ते खाली पडल्याचा आवाज आला नाही. आत कुणीतरी ते अलगद झेललं.