गाठ आतल्या बाजूला

चार वर्षं छातीवर लोंबणारी डायलिसिसची नळी आज निघणार होती. पोरगी टेबलावर आडवी पडूनही बडबडत होती.

"मॅडम, घरी गेल्यावर डोक्यावरून पाणी घेऊ?"

"आधी जखम भरू दे. मग बस नळाखाली तासभर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अशा नळ्या काढणं हा बाईंच्या हातचा मळ. पण ही चार वर्षांत शिरेला फार चिकटली होती. ओढली तर शीर फाटायची भीती, आणि ठेवली तर तिच्यातून जंतू शिरून नवी किडनी हातची जायची. ती किडनी आईची होती. शिलाईकाम करणारी आई अचानक गेली आणि जाताना लेकीला तेवढं देऊन गेली.

"डायलिसिसला शेजारी बसून आई हातशिलाई करायची," पोरगी सांगत होती. "मी खोकले की टाका सोडून मानेवर हात ठेवायची, बोटातल्या पत्र्याच्या टोपीसकट, त्या अंगुस्तानासकट. असलं गार लागायचं! आणि तिच्या टाक्याची गाठ कधी कुणाला दिसली नाही हं. आतल्या बाजूला लपवायची."

बाईंनी टेबलाची डोक्याकडची बाजू खाली केली, छातीवर भूल दिली आणि नळीला धरून बसलेली कातडी हळूहळू सोडवली.

"आता श्वास रोखून धर."

नळी हलली नाही. बाई थांबल्या. इथे जोर करणं म्हणजे जिवाशी खेळ, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

खोलीत बारीक आवाज येऊ लागला. टिक. टिक. सुई पत्र्याला लागावी तसा.

"मॅडम, तुमचं काही वाजतंय का?" सिस्टरने विचारलं.

"नाही. तुमचं असेल."

बाईंनी पुन्हा नळी धरली आणि ती अलगद, अख्खी हातात आली. इतकी सहज, की त्या चुकल्या. डोळ्यांसमोरचं छातीवरचं छिद्र त्यांनी गॉजची घडी ठेवून दोन्ही हातांनी दाबलं. नळी शिरेत शिरत होती ती मात्र वर मानेत, अंगावर पसरलेल्या कापडाखाली. दाब तिथे हवा होता, आणि तिथे कुणीच नव्हतं.

"सिस्टर, मान दाबा. लवकर."

"दाबलीय की त्यांनी," पोरगी म्हणाली. "हात तेवढा गार आहे."

सिस्टर भिंतीपाशी होती. तिच्या दोन्ही हातांत ट्रे होता.

बाईंनी कापडाखाली हात घातला. नेमक्या जागी दाब होता. त्यांची बोटं पोचली तसा तो जरा सरकला, बाकावर कुणी जागा करून द्यावी तसा.

त्या दाबून बसून राहिल्या. रक्ताचा थेंब नाही. श्वास सरळ, नाडी शांत.

पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"मला आता भीती नाही वाटत, मॅडम."

बऱ्याच वेळाने छातीवरचं छिद्र शिवायला बाईंनी त्यावरचं गॉज उचललं. सुईदोऱ्याचं पाकीट ट्रेमध्ये होतं, न फोडलेलं.

छिद्रावर टाका होता. बारीक, घट्ट.

बाईंनी दिवा खाली ओढला आणि गाठ शोधली. सापडली नाही.