नवी कोरी नऊ पाती

त्याच्या उजव्या हाताच्या चार बोटांना पट्ट्या होत्या, आणि उरलेल्या अंगठ्याने तो आमच्या दुकानाचं सरकतं दार उघडायच्या खटपटीत होता. बाहेर पावसाची भुरभुर. छत्री मिटवायची, दार सरकवायचं, वर वाकून नमस्कारही करायचा — सगळं एका अंगठ्याच्या जिवावर! मीच धावत जाऊन दार उघडलं.

“कागद कापायचा चाकू हवाय,” तो म्हणाला. “म्हणजे... फक्त कागदच कापला जाईल, असा.”

मला हसू आवरेना. आमचं सेकी गाव चाकू-कात्र्यांचं. इथल्या शेंबड्या पोरालाही धार कळते. हा बाबा — नाव कुराहाशी — नागोयाहून नुकताच इथल्या पाणीखात्यात आला होता. फावल्या वेळात कागदाचे वीतभर पूल बांधायचा, आणि तेही स्वयंपाकघरातल्या सुरीने.

“सुरीने? कागदाचा पूल?”

“भाजीची वेगळी ठेवलीय,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

मी काउंटरवर चार हॉबी चाकू मांडले. पेनासारखे, बोटांत धरायचे. पहिल्याची मूठ षटकोनी, म्हणजे टेबलावरून घरंगळून पायावर पडत नाही. दुसऱ्याला रबराची पकड आणि खटकन बसणारं टोपण. तिसऱ्याला तर मागून पीळ दिला की पातं सुटतं, धारेजवळ बोट न्यायलाच नको. चौथ्यात हे सगळं होतंच, शिवाय मुठीच्या पोटात पाच जादा पाती मावत होती.

“हाच!” त्याने चौथा उचलला आणि माझ्याकडे बघितलं. चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि त्यामागचे ते डोळे... पाच पाती पोटात घेऊन हा गेला, तर पाच महिने इकडे फिरकायचा नाही!

“हा नको,” मी म्हणाले.

“का?”

“जड पडतो.”

त्याने तळहातावर तोलून बघितला. “पेन्सिलीएवढा तर आहे.”

“सुरुवातीला तसंच वाटतं.”

तिसरा चाकू मी त्याच्या गळ्यात मारला. त्यात पातंही माझ्या हाताने बसवून दिलं, आणि मुद्दाम लवकर बोथट होणारं दिलं; वर तसलंच एक जादाही. कडक पाती पटकन मोडतात, असं वर तोंड करून सांगितलं. मागच्या खोलीत तोकिए आत्या कात्रीला धार लावत होती. दुकान तिचं. हात तिकडे असले तरी तिचे कान काउंटरवरच असतात.

“चांगला माल विकायचा नाही, असं कधी ठरलं गं चिसातो?” तिने आतून विचारलं. मला ऐकूच आलं नाही.

जाता जाता त्याची नजर दाराजवळच्या लाकडी पेटीवर गेली.

“हे काय?”

“म्हाताऱ्या पात्यांची पेटी. आमच्याकडे पाती कचऱ्यात टाकत नाहीत. बोथट झालं की इथे आणून टाकायचं. नोव्हेंबरात देवळात पुजारी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो — खूप राबलात, आता विसावा घ्या म्हणून.”

“दर वेळी... इथेच आणायचं?”

“इथेच.”

पुढच्या शनिवारी स्वारी हजर! कागदात गुंडाळलेलं पातं पेटीत टाकलं, हात जोडले, नवं विकत घेतलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

“पूल कुठवर आला?”

“कठडे चाललेत.”

“गेल्या आठवड्यातही कठडेच होते.”

“लांब पूल आहे हो.”

मग मी त्याची बोटं तपासायचे. दुकानदाराने गिऱ्हाइकाची एवढी काळजी घ्यायलाच हवी. पट्ट्या चाराच्या तीन झाल्या, तिनाची एक. एकदा त्याने भाजलेलं रताळं आणलं, मोडून मोठा तुकडा मला दिला. बोटाला बोट लागलं. रताळं फारच गरम आहे, असं दोघंही एकदमच म्हणालो.

पण पुढे? पुढे काही नाही! हवा, पूल, पाणी — पाण्यावर तर तो तासभर बोलायचा. आमच्याकडे मुलाने समोर उभं राहून नीट शब्दांत विचारल्याशिवाय काही जमलं असं कुणी मानत नाही. रताळं त्यात धरत नाहीत. आणि मला तर तो इतका आवडायला लागला होता की शुक्रवारी माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पूजेच्या आदल्या दिवशी, शनिवारीच, आत्याने पेटी कागदावर रिकामी केली. गंजलेली, टोकं मोडलेली पाती... आणि त्यांत चकचकीत नऊ. आत्याने एक उचललं, नाकाशी नेलं.

“यावर तेल आहे अजून. हे वापरलेलंच नाही! चिसातो, जित्याजागत्या पात्याचे दिवस घालायला निघालाय कोण?”

नेमकं तेव्हाच दार सरकलं. कुराहाशी आत आला, हातात दहावी पुडी.

“अहो पाणीवाले!” आत्या गरजली. “ही थट्टा समजलात?”

त्याचे कान लालबुंद झाले. “चुकलं माझं. पूल... पूल दुसऱ्याच आठवड्यात झाला.”

“मग वापरलेलं पातं तरी टाकायचं!”

“ते टाकवेना.” त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच जमिनीकडे. “ते यांनी स्वतःच्या हाताने बसवून दिलंय.”



“ते काही असो,” आत्या म्हणाली. “ही पाती देवळात जाणार नाहीत. आणि तुम्ही यापुढे या पेटीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.”

तो कमरेत वाकला, वळला, दाराला हात घातला. आता गेला तर कशाला परत येतोय?

“थांबा!” मी ओरडले. “चौथा चाकू जड नव्हता!”

“काय?”

“मी खोटं बोलले. पोटात पाच पाती असती, तर तुम्ही आलाच नसता. आणि ती... लवकर बोथट होणारी पातीही मी मुद्दाम दिली.”

आत्याने कपाळाला हात लावला. “एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं!”

कुराहाशी दारातून मागे फिरला. काटकोनात वाकला आणि जमिनीकडे बघतच खणखणीत आवाजात म्हणाला, “तुम्ही मला फार आवडता. माझ्याशी जोडी जमवाल का?”

नऊ आठवडे मी आरशासमोर उत्तराची तालीम केली होती. पापण्या कधी झुकवायच्या, हेही ठरलेलं. पण सहा वर्षं काउंटरवर उभी राहणारी बाई मी. समोर माणूस वाकलेला दिसला, तशी मीही वाकले आणि तोंडातून निघालं —

“आभारी आहोत! पुन्हा अवश्य या!”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो बाहेर पडला. मी दुकानातल्या सपाता घालूनच भर रस्त्यात धावले. एवढा निर्लज्जपणा आमच्या गल्लीत कुणी केला नसेल.

“हो!” मी ओरडले. “अहो, हो म्हणतेय मी! मलाही तुम्ही आवडता!”

समोरचा कात्रीवाला हातातलं काम सोडून बाहेर आला. कुराहाशी वळला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी तिथेच होते.

“मग... पुढच्या शनिवारी येऊ?”

“पुढच्या शनिवारपर्यंत काय करायचं? उद्या पेटी देवळात न्यायचीय. जड असते. दुसऱ्या टोकाला धरायला कुणी तरी लागेल.”

“पण ती तर आत्याबाई धरत असतील ना?”

आतून आत्या मोठ्यांदा कण्हली, “आई गं, कंबर!”

तिची कंबर आजवर एकदाही दुखलेली नाही.