निळ्या फितीच्या फांद्या

फाटकाची कडी काढून ती आत आली आणि तिथंच थबकली. खांद्यावरची पर्स घसरून कोपरापर्यंत आली, तरी तिला पत्ता नाही. सकाळी दुकानात जाताना अंगणातलं झाड गच्च हिरवं होतं. आता तिथं पाच ताजे, पांढरे काप मिरवणारं बोडकं खोड उभं होतं. आणि शिडीवर बसून एक तरुण शीळ घालत करवत पुसत होता!

"झालंच हं," तो वरून म्हणाला. "बघा, कसं मोकळं झालं! फिती बांधलेल्या पाचही फांद्या उतरवल्या. एक सोडली नाही."

ती त्या कापांकडे बघत पुढं आली.

"तुम्हीच बांधल्या होत्या ना? फार व्यवस्थित," तो कौतुकानं बोलतच होता. "लोक खडूनं खुणा करतात, पाऊस आला की सगळं पुसून..."

"त्या फांद्या... ठेवायच्या होत्या."

त्याचा पुसणारा हात थांबला. करवत हातातून निसटून गवतात पडली.

ही मुलगी नाक्यावरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायची आणि सुट्टीच्या दिवशी झाडांवर कलमं बांधायची. अंगणातल्या त्या एकाच रानलिंबावर तिनं लिंबू, मोसंबी, पपनस, ईडलिंबू आणि संत्रं अशा पाच जातींची कलमं जगवली होती. कुणाचा धक्का लागू नये म्हणून त्या पाच फांद्यांना निळ्या फिती बांधल्या होत्या. झाडं छाटणाऱ्यांच्या धंद्यात मात्र फीत म्हणजे एकच अर्थ... कापा! स्वयंपाकघरात अंधार होतो म्हणून तिच्या आत्यानं छाटणीवाल्याला परस्पर बोलावलं होतं, आणि फितींबद्दल कुणी कुणाला काही विचारलंच नव्हतं.

चार कलमं पुन्हा मिळाली असती. पाचवं, संत्र्याचं, मिळणार नव्हतं. त्याचं मूळ झाड तिच्या आईनं जुन्या घरी लावलेलं. आई गेली, घर विकलं गेलं, नव्या मालकानं झाड मुळासकट काढलं. त्याआधी तिनं धावत जाऊन एक काडी तोडून आणली होती. आईच्या हातचं म्हणावं असं आता फक्त तेवढंच उरलं होतं.

हे सगळं तिनं त्याला सांगितलं नाही. आत्यानं सांगितलं, दारात उभं राहून, पदरानं डोळे पुसत. "माझंच चुकलं गं बाई. उजेड हवा होता मला, उजेड!"

तो शिडीवरून कसा उतरला ते त्याचं त्यालाच कळलं नसेल. चेहरा पांढराफटक पडला होता.

"फांद्या कुठायत?" तिनं विचारलं.

"गाडीतून गेल्या... दळायला. आमच्या आवारात यंत्र आहे, भुसा करतात फांद्यांचा." त्यानं मनगटावर पाहिलं. "अर्धा तास झाला. चला!"

"मी? तुमच्याबरोबर?"

"पाच वेगवेगळी पानं ओळखायची आहेत. मी ओळखू शकलो असतो तर ही वेळ आली असती का?"

हे खरंच होतं. ती त्याच्या मोटरसायकलवर मागे बसली, दोघांच्या मध्ये पर्स ठेवून.

आवारात पोचले तेव्हा यंत्र धडधडत होतं. त्यानं लांबूनच दोन्ही हात हलवत "बंद कर, बंद कर!" असा ओरडा केला. यंत्र चालवणारा माणूस इतका दचकला की त्यानं यंत्रही बंद केलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरला. ढिगारा मात्र पुरुषभर उंच होता. पाच घरांच्या फांद्या त्यात एक झालेल्या. बारीक पाऊस भुरभुरायला लागला होता.

दोघं गुडघ्यांवर बसून उपसायला लागले. काट्यांनी हात ओरबाडले. लिंबाच्या जातीची म्हणावी अशी प्रत्येक फांदी तो ओढून काढायचा, पान चुरगळायचा आणि तिच्या नाकापुढं धरायचा.

"हे?"

"लिंबू."

"हे?"

"पपनस. आणि जरा लांब धरा, नाकात घालाल!"

"माफ करा. हे?"

"हे आमचं नाहीच. शेजारच्या कुणाचं तरी असेल."

"वास घेऊन घरसुद्धा सांगता? कमाल आहे तुमची!"

हसायची वेळ नव्हती, तरी तिला हसू फुटलं, आणि आपण हसलो याचाच तिला धक्का बसला. तेवढ्यात त्यानं आणखी एक पान चुरगळून पुढं केलं. "हे?"

संत्र्याचा वास होता. त्याचं मनगट धरून तिनं तो हात नाकापाशी तसाच ठेवून घेतला. डोळे भरून आले. पाऊस पडत होता म्हणून बरं, नाहीतर त्याला सगळंच दिसलं असतं. तरी त्याला दिसलंच.

घरी येऊन तिनं घड्याळाच्या कामातलं बारीक पातं काढलं. संत्र्याच्या काडीवरचे टपोरे डोळे, म्हणजे पानांच्या बगलेतले कोंब, तेवढे निवडले, बारीक शेंडा निरुपयोगी म्हणून बाजूला टाकला. झाडाच्या सालीत चीर पाडून एकेक डोळा आत सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. असे सहा डोळे भरले. तो पट्टी धरून उभा होता.

"मी एखादा भरू का?" त्यानं भीत भीत विचारलं.

"माझ्या झाडाला तुमचा हात लागायचा नाही. आज तर नाहीच नाही."

"बरं." त्यानं पट्टीचं टोक पुढं केलं. मग हळूच म्हणाला, "उद्या?"

तिनं मान वर केली. एवढ्या मोठ्या चुकीनंतर एवढी हिंमत!

उद्या तो आला. परवाही आला. "पट्टी सैल झाली नाही ना, एवढंच बघतो," म्हणायचा आणि तासभर थांबायचा. आत्या त्याला 'तपासनीस' म्हणू लागली. एकदा त्यानं बंद पडलेलं घड्याळ आणलं, दुसऱ्या दिवशी दुसरं.

"तुमच्या घरात घड्याळं आहेत तरी किती?" तिनं विचारलं.

"चालणारं एकही नाही."

"चाव्या दिल्या असत्यात तर चालली असती."

"मग इथं यायला निमित्त काय उरलं असतं?" तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. तीही वाकून उगाच पट्टीची गाठ तपासत बसली. मनातल्या मनात ती चकित झाली होती. या माणसाचा तिला राग यायला हवा होता, आणि संध्याकाळी त्याला पाच मिनिटं उशीर झाला तरी तिचं लक्ष फाटकाकडे लागत होतं.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. डोळ्याखाली राखलेल्या पानाच्या देठाला बोट लावायचं. देठ अलगद गळून पडला तर डोळा जगला, चिकटून राहिला तर मेला. तिनं पहिल्याला बोट लावलं. देठ हलला नाही. दुसरा, तिसरा... आत्यानं तोंडावर हात धरला. सहावा देठ तिनं जरा जोरानं ओढला तर डोळाच सालीतून बाहेर आला, काळा, कोरडा.

सहाच्या सहा मेले होते.

ती पायरीवर मटकन बसली. रडूही येईना. आत्या डोळे पुसत आत निघून गेली. तो समोर उभा राहून टोपी चुरगळत होता.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "रागावाल."

"आता आणखी काय राहिलंय?"

"त्या दिवशी तुम्ही बारीक शेंडा टाकून दिलात. मी... तो खिशात घातला. न विचारता. माझ्या घरामागे रानलिंबाचं झाड आहे, त्यावर दोन डोळे भरले."

तिनं वर पाहिलं.

"काल पट्टी सोडली. एक गेला. एक... देठ आपोआप गळला हो! आज सकाळी बघतो तर हिरवा कोंब. तांदळाएवढा."

ती उठून उभी राहिली. तोंडाचा आ झाला होता.

"तीन आठवडे रोज इथं येत होतात... आणि बोलला नाहीत?"

"जगला नसता तर? तुमची आई तुम्हाला दोनदा गमवावी लागली असती. माझ्या हातून एकदा झालं तेवढं पुरे होतं."

ती पाहतच राहिली. तीन आठवडे हा माणूस ही धास्ती एकट्यानं घेऊन हसत, बंद घड्याळं घेऊन येत होता.

"ते झाड... इकडे आणता येईल?"

"नाही. जमिनीतलं जुनं झाड आहे, उपटलं तर मरेल. दोन वर्षांनी त्याची काडी आणून इथं कलम करता येईल. तोवर तुम्ही या ना बघायला, केव्हाही. मी घरी नसेन तेव्हा या, हवं तर. किल्ली ठेवतो..."

"दोन वर्षं मी रोज तुमच्या घरी यायचं? लोक काय म्हणतील?"

"मग..." त्यानं टोपी उलटीसुलटी फिरवली. "आत्यांना घेऊन या."

ती हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मग तिनं सरळ त्याच्याकडे बघून विचारलं, "तू माझ्याशी लग्न करशील?"

छाटणीवाल्याच्या हातातली टोपी पडली. मागे सरता सरता पाय अडखळला आणि तो पालापाचोळ्याच्या हातगाडीतच जाऊन बसला. नुसती मान हलत होती, वरखाली, वरखाली.

"अगं, काय झालं? पडला का तो?" आत्या धावत बाहेर आली.

"नाही आत्या," ती त्याला हात देत म्हणाली. "हो म्हणतोय."